बीटचा पाला गुडघ्याला, कंद बोटभर, आणि रिपोर्ट म्हणतो ‘नत्र कमी’

जानेवारी आला की ही तक्रार ठरलेली. बीटचा पाला गुडघ्याला लागलाय, देठ लालभडक, पानं तुकतुकीत. उपटून बघावं तर खाली बोटभर मूळ. मग कोणीतरी माती तपासून आणतं. रिपोर्टात ‘उपलब्ध नत्र: कमी’ असं छापलेलं असतं. म्हणून नत्र दिलं जातं, पाला आणखी माजतो, कंद होता तेवढाच राहतो. पुढच्या हंगामात दुसऱ्या लॅबमध्ये तपासणी होते, आकडे भलतेच येतात, आणि शेवटी ‘मुंबईच्या हवेत बीट होतच नाही’ यावर सगळ्यांचं एकमत होतं.

होतं की. गच्चीवरच्या कुंड्यांत मुठीएवढी बीटं काढणारे लोक बोरिवली-मुलुंडलाही आहेत आणि दादरलाही. पण त्यांचं ऐकण्याआधी या तक्रारीची दुसरी बाजू सांगतो. मुंबईत राहून इंदापूर-फलटणकडे वडिलोपार्जित जमीन सांभाळणारे काही जण आता शुगरबीटच्या नादाला लागलेत. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेने या पिकाच्या चाचण्या घेतल्या. ऊस वर्षभर किंवा त्याहून जास्त रान अडवून बसतो, हे पीक पाच-सहा महिन्यांत मोकळं होतं, म्हणून कुतूहल वाढलं. त्यांची तक्रार ऐकली तर हीच: पाला जोरात, कंदही त्यामानाने बरा, पण साखर उतरत नाही. आणि हातात तसाच रिपोर्ट, ‘नत्र कमी’.

सॅलडमधलं लाल बीट आणि साखरेचं पांढरं बीट या एकाच जातीच्या दोन शाखा. फरक एवढाच की शुगरबीटमागे साखर कारखान्यांचा पैसा होता, त्यामुळे त्याच्या मातीचा अभ्यास फार बारकाईने झाला. तो अभ्यास गच्चीवाल्यांनाही फुकटात वापरता येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: अशा बहुतेक वेळा माती वाईट नसते आणि लॅबही खोटी नसते. नमुना भलत्या जागचा असतो, आणि जी चाचणी केली जाते ती आपल्याला हव्या असलेल्या प्रश्नाची नसते.

माती तपासण्याआधी

बीटचं म्हणून जे बी आपण पेरतो तो बहुधा दोन-चार बियांचा मिळून झालेला खडबडीत गोळा असतो. एका खळग्यात एक दाणा टाकला तरी तीन रोपं वर येतात. ती तिन्ही ठेवली की एकमेकांच्या उरावर बसतात आणि कोणीच पोसत नाही. जीव तुटतो, पण दोन-तीन पानांवर आली की एक ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटू नका, राहिलेल्याचं मूळ हलतं. दोन रोपांत आठ-दहा सेंटिमीटर हवेत. अमेरिकेत शुगरबीटच्या शेतात ही विरळणी एकेकाळी मजूर वाकून खुरप्याने करत. १९४८ मध्ये सॅवित्स्की या शास्त्रज्ञाला एकेरी बी धरणारी झाडं सापडली आणि तिथला तो खर्च हळूहळू संपला. आपल्याकडच्या लाल बीटच्या पाकिटात मात्र अजून बहुतेक वेळा गोळेच असतात.

बाकीचं पटकन सांगतो. ऊन पाच-सहा तास हवं. समोर नवा टॉवर उभा राहिला असेल तर तुमच्या मातीला बोल लावण्यात अर्थ नाही. पेरणी ऑक्टोबर अखेर ते डिसेंबर. मार्चनंतर मुंबईत कंद धरायची आशा सोडा. कुंडी निदान दहा-बारा इंच खोल हवी. ट्रेमध्ये रोपं करून नंतर लावली असतील तर सोटमूळ मुडपतं आणि कंद वाकडा, फाटेफुटीचा होतो, म्हणून पेरायचं ते थेट जागेवर.

एवढं सगळं नीट असूनही बोटभर मूळच मिळत असेल, तर मग मातीकडे वळा.

‘नत्र कमी’ येतं कुठून

मातीतला बहुतेक नत्र सेंद्रिय पदार्थात बांधलेला असतो. जिवाणू तो थोडाथोडा सोडवतात, आधी अमोनियम होतं, मग नायट्रेट, आणि बीटचं मूळ प्रामुख्याने हे नायट्रेट ओढतं. आता रिपोर्टातला ‘उपलब्ध नत्र’ म्हणजे काय, तर सुब्बय्या आणि असिजा यांच्या १९५६ च्या पद्धतीने, अल्कलाइन परमँगनेटमध्ये माती तापवून निघालेलं अमोनिया. हेक्टरी २८० किलोच्या खाली कमी, ५६० पर्यंत मध्यम, त्यावर भरपूर. ही पद्धत सेंद्रिय भागातून सहज सुटणारा नत्र किती, याचा अंदाज देते. मातीत या क्षणी तयार असलेलं नायट्रेट ती मोजत नाही.

अनेक ठिकाणी तर तेवढंही होत नाही. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पदार्थातला कार्बन, मोजतात आणि त्यावरून नत्राचा वर्ग ठरवतात. आपल्या उष्ण हवेत कर्ब टिकत नाही, त्यामुळे राज्यातल्या जवळजवळ कुठल्याही शेताच्या रिपोर्टात नत्र कमी येणार हे न तपासता सांगता येतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता (ईसी) आणि सेंद्रिय कर्ब. नायट्रेट त्यात नाही. आणखी एक गंमत: या योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत नमुने चौकटी पाडून घेतले गेले, बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक. म्हणजे तुमच्या नावाच्या पत्रिकेत शेजारच्या काकांच्या रानाची माती मिसळलेली असण्याची पुरेपूर शक्यता. गावाचा कल कळायला ते चांगलं आहे. तुमच्या वीस गुंठ्यांतल्या बीटचं खत त्यावरून ठरवायचं नाही.

बीटच्या बाबतीत हे एवढं महत्त्वाचं का, तर या पिकाला नत्र कमी पडण्याइतकंच ते उशिरापर्यंत मिळत राहणंही नडतं. नायट्रेट मिळतंय तोवर झाड नवी पानं काढत राहतं; जमवलेली साखर मुळात साठण्याऐवजी पानांच्या बांधणीत जाते. शुगरबीटमध्ये दुहेरी नुकसान: साखरेची टक्केवारी घसरते, आणि कंदातली नत्रयुक्त संयुगं, सोडियम, पालाश वाढल्यामुळे कारखान्यात रसातली साखर स्फटिक न होता मळीत जाते. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात शुगरबीटचा मोठा पट्टा आहे. तिथे खत ठरवण्याआधी चार फूट खोलीपर्यंतचं नायट्रेट मोजतात. वरचे सहा इंच, मग दोन फुटांपर्यंत, मग चार फुटांपर्यंत, असे थर वेगवेगळे. मातीतलं नायट्रेट आणि वरून द्यायचं खत मिळून एकरी १३० पौंड, म्हणजे ५९ किलोच्या आसपास नत्र व्हावं असा त्यांचा हिशेब. मातीतच ४० किलो सापडलं तर खतातून फक्त १९.

चार फूट कशाला? शुगरबीटचं मूळ पाच-सहा फूट खाली जाऊ शकतं म्हणून. आता आपला इंदापूरचा बागायतदार घ्या. त्या रानात आधी ऊस, उसाला युरियाच्या गोण्या, त्यावर पाटाचं पाणी. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं. रिपोर्टासाठी माती काढली वीतभर खड्ड्यातून. त्या वीतभरात खरोखरच नत्र कमी होतं, रिपोर्ट खरा होता. बीटचं मूळ तिसऱ्या महिन्यात दोन फुटांखाली पोचलं आणि उसाच्या उरलेल्या युरियावर ताव मारू लागलं. वरून आपण ‘कमी’ वाचून घातलेलं नत्र होतंच.

कॅलिफोर्नियात अल्बर्ट उलरिच यांनी यावर पानाच्या देठाची चाचणी बसवली. नुकत्याच पूर्ण वाढलेल्या पानांचे देठ वाळवून त्यातलं नायट्रेट नत्र मोजायचं. ते १००० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांच्या, खाली आलं की झाड नत्राला मुकलं असं समजायचं, आणि काढणीच्या आधीचे काही आठवडे ते तसंच भुकेलं राहील असं नियोजन करायचं. पीक मुद्दाम उपाशी ठेवायचं, ही कल्पना आपल्याकडच्या ‘आणखी एक डोस मारू’ वृत्तीला पचायला जड जाते.

गावाहून मुंबईत येणारी माती

हा भाग सगळ्यात जास्त बिघडतो, म्हणून जरा सविस्तर. शनिवारी गावी जायचं, निघताना घाईत बांधाजवळची माती खुरप्याने उकरायची, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून गाडीच्या डिकीत टाकायची, रविवारी रात्री घरी पोचायचं आणि ऑफिसातून सवड मिळेल तेव्हा, म्हणजे गुरुवारी-शुक्रवारी, लॅबला द्यायची. ओली माती, बंद पिशवी आणि डिकीतली उष्णता मिळाली की जिवाणू कामाला लागतात. सेंद्रिय नत्राचं नायट्रेट होत राहतं आणि आकडा फुगतो. माती चिखलासारखी ओली असेल आणि हवा कोंडली असेल तर उलटं होतं, नायट्रेट वायू होऊन निघून जातं. आकडा वर जाईल की खाली हे तुमच्या हातात राहत नाही. दोन खेपांचे रिपोर्ट जुळत नाहीत याचं अर्धं उत्तर त्या पिशवीत आहे.

नमुना काढायची पद्धत कृषी विभागाची पत्रकं वर्षानुवर्षं सांगत आलीत, तीच घ्या: रानात नागमोडी चालत आठ-दहा जागा, प्रत्येक जागी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा, त्याच्या एका बाजूचा वरपासून खालपर्यंत दोन बोटं जाडीचा काप. बांध, झाडाखालची सावली, उकिरड्याची जागा, गुरं बसतात ती जागा आणि पाटाची कड सोडून द्या. चोपणाचा किंवा पाणी साचणारा तुकडा असेल तर त्याचा नमुना वेगळा. सगळे काप घमेल्यात मिसळून कागदावर पसरायचे, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा मिसळायचं, अर्धा किलो उरेपर्यंत. खत देऊन दोन-तीन महिने झालेले असावेत. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी नमुना असेल तर जस्ताचा मुलामा दिलेली बादली आणि गंजकं खुरपं वापरू नका, नाहीतर जस्त-लोह भरपूर आल्याचा आनंद फुकटचा ठरेल. आणि खताची रिकामी पिशवी धुऊन वापरायचा मोह तर मुळीच नको. हे वाचून कोणी हसेल, पण रिपोर्टात पालाश आभाळाला टेकलेलं असलं की मी पहिला प्रश्न पिशवीचाच विचारतो.

शुगरबीटसाठी याच्या पुढे जावं लागतं. निदान चार-पाच जागी माती काढायच्या गिरमिटाने, ज्याला सगळे ऑगरच म्हणतात, खाली जा: वीतभर, मग दोन फुटांपर्यंत, मग चार फुटांपर्यंत किंवा मुरूम लागेल तिथपर्यंत. थर मिसळू नका. लॅबला स्पष्ट सांगा की या नमुन्यांतलं नायट्रेट नत्र हवंय. न मागता कोणी करणार नाही. हिशेब करताना एक चूक हमखास होते. पीपीएमला २.२४ ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात, पण ते फक्त १५ सेंटिमीटर जाडीच्या थराला. थर साठ सेंटिमीटरचा असेल तर त्याच्या चौपट, म्हणजे जवळपास ९ ने गुणायचं.

आणि माती तिथेच वाळवायची. गावी ओसरीत, सावलीत, कागदावर पातळ पसरून. तेवढा वेळ नसेल तर मासळीसाठी नेतात तसल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फ टाकून आणा आणि घरी पोचल्या पोचल्या पंख्याखाली पसरा. पावसाळ्यात मुंबईत ती चार दिवसांतही सुकत नाही. एसीची खोली असेल तर तिथे ठेवा. तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये भाजून मात्र आणू नका. भाजलेल्या मातीत मंगल आणि पालाशाचे आकडे बदलतात, जिवाणू मरून त्यांचा नत्र सुटतो, आणि लॅबवाल्याला हे कळायचा काही मार्ग नसतो.

कुंडीची माती शेताच्या तराजूत

गच्चीवाल्यांची अडचण निराळी आहे. त्यांच्या रिपोर्टात पालाश हेक्टरी १२०० किलो, स्फुरद असंच अवाढव्य, शेजारी लाल अक्षरांत ‘अत्यंत जास्त’. ताई घाबरून विचारतात, सगळी माती फेकून देऊ का? अजिबात नको. आधी तो हेक्टरचा आकडा कसा आला ते बघा.

लॅब ठरलेल्या ग्रॅमभर मातीतून पीपीएम काढते आणि २.२४ ने गुणते. त्यामागे असं धरलंय की एक हेक्टर रानाच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन सुमारे २२ लाख ४० हजार किलो, म्हणजे लिटरमागे दीड किलो. कोकोपीट आणि गांडूळखत घातलेलं आपलं मिश्रण लिटरला अर्धा किलोही भरत नाही कधीकधी. लिटरमागे अर्धा किलो धरला, तर १२०० चे खरे ४०० च झाले. अजूनही भरपूरच, पण फेकून देण्यासारखं काही नाही. तुमच्या मिश्रणाचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर काढा: वाळलेलं मिश्रण एक लिटरच्या मापात न ठासता भरा, ग्रॅम बघा, १५०० ने भागा. तो अपूर्णांक रिपोर्टातल्या प्रत्येक ‘हेक्टरी किलो’ला लावा.

याहून मोठा घोटाळा चाळणीत होतो. लॅबमध्ये माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. वर राहिलेलं टाकून देतात. कोकोपीटचे तंतू, अर्धवट कुजलेला पाला, नर्सरीतून आणलेल्या लाल मातीतली जांभ्याची खडी, सगळं तिथे गळतं. जे उरतं त्याचा रिपोर्ट येतो. शिवाय सेंद्रिय कर्बाची वॉकली-ब्लॅक पद्धत शेताच्या मातीसाठी बेतलेली आहे, जिथे कर्ब एक टक्क्याच्या मागेपुढे असतो. त्या चाचणीत खताने भरलेलं मिश्रण नेहमीच्या मापाने घातलं तर रसायन आधीच संपून जातं. आणि किनाऱ्याकडच्या खारवट मातीत क्लोराइडमुळे कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. वसई-अलिबागकडची माती आणली असेल तर हे ध्यानात ठेवा.

नमुना काढताना कुंडीच्या वरचा एक-दोन सेंटिमीटर थर बाजूला सारा. उन्हाने पाणी वर ओढलं जातं आणि क्षार तिथे साचतात. टाकलेल्या खताचे दाणेही तिथेच. मग अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा वरून थेट तळापर्यंत दाबा, फिरवा, बाहेर काढा. एकाच मिश्रणाच्या आठ-दहा कुंड्यांतून असे गाभे घेऊन एकत्र करा. लाल मातीच्या कुंड्या आणि कोकोपीटच्या ग्रो बॅग एकाच पिशवीत घातल्या तर येणारा आकडा तुमच्या गच्चीवर कुठेच नसलेल्या मातीचा असेल.

खरं सांगायचं तर कुंडीसाठी लॅबपेक्षा घरगुती तपासणी मला जास्त भरवशाची वाटते. कुंडीला पोटभर पाणी द्या, तासभर निथळू द्या. खाली स्वच्छ बशी ठेवून वरून शंभर-दीडशे मिली डिस्टिल्ड वॉटर सावकाश ओता आणि बशीत उतरलेलं पहिलं पन्नास मिली पाणी घ्या. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, आधी त्यात ईसी मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, बुडवून आकडा शून्याजवळ आहे एवढं बघा. बशीतल्या पाण्याची ईसी मध्यम भूक असलेल्या पिकाला २ ते ३.५ डेसीसायमनच्या आत असावी. मग क्रॉफर्ड मार्केटकडच्या शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात त्या नायट्रेटच्या पट्ट्या. बशीतलं पाणी दहापट पातळ करून पट्टी बुडवा. तरीही ५० चा रंग आला, तर मूळ पाण्यात नायट्रेट ५०० पीपीएम. त्याला ४.४ ने भागलं की नायट्रेट नत्र, ११० च्या वर. कंद धरायच्या काळात एवढं असेल तर नत्राचा प्रश्नच मिटला. पाला का माजतोय तेही कळलं. पट्टीच्या डबीवर ‘नायट्रेट’ लिहिलंय की ‘नायट्रेट नायट्रोजन’ ते मात्र वाचा, दोन्ही प्रकार मिळतात.

आपल्या हिवाळ्याचाही यात हात आहे. थंड देशांत हंगाम संपत आला की माती गार होते, जिवाणू मंदावतात, नत्र सुटायचं आपोआप कमी होतं. मुंबईत जानेवारीच्या दुपारी पारा तिशीला टेकतो आणि काळी ग्रो बॅग त्याहून तापते. गांडूळखत भरलेली बॅग काढणीपर्यंत नत्र सोडतच राहते. त्यामुळे बीटच्या कुंडीत खत एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको, हा माझा ठोकताळा आहे. ‘सेंद्रियच आहे, जास्त झालं तरी काय बिघडतं’ हे बीटला लागू नाही.

दोन लॅब, दोन आकडे

नमुना एकच, नीट वाळवलेला, दोन्हीकडे अर्धा-अर्धा दिला, तरी स्फुरद जुळत नसेल तर भांडायला जाण्याआधी दोन गोष्टी विचारा. पहिली, पद्धत कोणती? देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीला ओल्सनची पद्धत, कोकणातल्या आंबट लाल मातीला ब्रेची. लाल माती ओल्सनने तपासली तर आकड्याचा अर्थ लावणं अवघड. दुसरी, आकडा मूलद्रव्याचा आहे की ऑक्साइडचा? खताच्या गोणीवरचा हिशेब ऑक्साइडचा असतो. काही लॅब रिपोर्टही तसाच देतात, काही नाही. स्फुरदात हा फरक २.२९ पटीचा, पालाशात १.२ पटीचा. एका रिपोर्टात १० आणि दुसऱ्यात २३ आलं असेल तर दोघेही बरोबर असू शकतात.

ईसीचंही तसंच. आपल्या लॅब एक भाग माती आणि दोन-अडीच भाग पाण्यात ती मोजतात. पुस्तकातल्या क्षारसहनशीलतेच्या मर्यादा मात्र संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीच्या अर्काच्या असतात, ज्याचा आकडा पोताप्रमाणे साधारण तीन-चार पट मोठा येतो. त्या मापात लाल बीट ४ आणि शुगरबीट ७ डेसीसायमनपर्यंत उत्पादन न घटता तग धरतं. युरोपच्या समुद्रकाठी वाढणाऱ्या रानटी बीटची ही संतती, मीठ तिला परकं नाही. पण उगवतीच्या वेळी हीच बीटं नाजूक असतात, शुगरबीटलाही तेव्हा ३ च्या वर नको. म्हणून बी उगवलंच नाही तर न धुतलेल्या कोकोपीटवर किंवा खाऱ्या बोअरच्या टँकरवर संशय घ्या. पालिकेचं तलावांचं पाणी क्षाराला हलकं असतं, त्याच्यावर नको. रोप हातभर वाढून कंद धरत नसेल तर क्षार बहुधा निर्दोष.

सामूचं काय? ६ च्या खाली बीट खुरटतं, आणि नर्सरीतली लाल माती पुष्कळदा तिथेच असते. शेतीचा चुना किंवा डोलोमाइट लिटरमागे ग्रॅमभर मिसळा, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजा. पानाचा चुना वापरू नका, तो फार तेज.

कापल्यावर आत काळे डाग

ही वेगळी तक्रार आहे पण याच मंडळींकडून येते. कंद बरा पोसला, कापला तर आत काळपट, बुचासारखे कडक डाग. कधी मधली कोवळी पानं आखडून काळी पडतात. कीड समजून औषधं मारली जातात. हे बोरॉनच्या कमतरतेचं लक्षण आहे आणि बीट या बाबतीत सगळ्या भाज्यांत हळवं. गरम पाण्यात विरघळणारं बोरॉन अर्ध्या पीपीएमच्या खाली असेल तर ही भीती धरावी. कोकणातला मुसळधार पाऊस लाल मातीतून बोरॉन धुऊन नेतो. ज्या कुंड्या पावसाळाभर गच्चीवर उघड्या होत्या त्यांच्यातही तेच होतं. त्यात ऑक्टोबरमध्ये सामू सुधारायला चुना घातला की उरलंसुरलं बोरॉनही झाडाला मिळेनासं होतं.

उपाय स्वस्त आहे, हात मात्र आवरता हवा. बोरॅक्स चौरस मीटरला एक ग्रॅम, पाण्यात विरघळवून, हंगामात एकदाच. चौरस फुटाच्या कुंडीला चिमटीपेक्षाही कमी होतं, म्हणून लिटरभर पाण्यात एक ग्रॅम करून त्यातलं शंभर मिली घाला. त्याच कुंडीत पुढे घेवडा लावणार असाल तर आधी विचार करा. बीटला मानवणारं बोरॉन घेवड्याची पानं करपवतं.

आता खत कसं

सुरुवातीचा महिना-सव्वा महिना बीटला नत्र हवंच. पानांचं छप्पर उभं राहिल्याशिवाय कंद कशावर पोसणार. चेंबूरच्या आरसीएफ या खत कारखान्याची सुफला १५:१५:१५ घरात असेल तर तीच पुरते, तिच्यातला काही नत्र नायट्रेट रूपात असतो आणि लगेच लागू पडतो. कुंडीला चिमूटभर, विरळणीनंतर एकदा, पंधरा दिवसांनी आणखी एकदा. जमिनीशी मुळाचा खांदा सुटून गोल दिसू लागला की नत्र बंद: युरिया नाही, जीवामृत नाही, पेंडीचं पाणी नाही. पालाश कमी असेल तर सल्फेट ऑफ पोटॅश द्या. राख घालायची तर आधी सामू बघून, कारण ती सामू वाढवते.

पुढच्या खेपेला नमुना द्याल तेव्हा पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाई ओलीने पसरते. चिठ्ठीवर जागा, खोली, काढल्याची तारीख, मागचं पीक, शेवटचं खत कधी दिलं, आणि कुंडीचं मिश्रण असेल तर लिटरमागे वजन. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच खोलीवरून, त्याच लॅबला द्या. आणि रिपोर्ट हातात आला की ‘कमी’, ‘जास्त’ या रकान्याकडे जाण्याआधी पद्धतीचं नाव कुठे छापलंय ते शोधा. छापलं नसेल तर फोन करून विचारा.